यजमान कोण?

गोंधळाचा खर्च एक घर करते आणि ऐकतो सगळा गाव. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम यांच्या परभणीत हे कुणाला समजावून सांगायला नको. दिवटीच्या उजेडात येऊन बसलेल्या शेजाऱ्याला कुणी तिकीट विचारत नाही. पण म्हणून गोंधळ फुकट होत नाही, बिदागी यजमानाने दिलेली असते. ओटीटीच्या ‘फुकट’ आणि ‘विकत’ सेवांची चर्चा करताना हा यजमान नेमका नजरेआड होतो. तो कोण, यावर कलाकृतीची चालसुद्धा ठरते, असे मला दोन मराठी उदाहरणांवरून वाटते.

‘समांतर’ ही सतीश राजवाडे दिग्दर्शित मालिका २०२० मध्ये एमएक्स प्लेअरवर वर्गणीशिवाय आली. मराठीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही. इथला यजमान जाहिरातदार. प्रेक्षकाने पुढचा भाग लावावा, एवढीच त्याची अपेक्षा. आपले आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाने आधीच जगून टाकले आहे, हे कुमार महाजनला कळते आणि तिथून प्रत्येक भाग आपल्याला अडकवून ठेवतच संपतो. यात हिणवण्यासारखे काही नाही. सुहास शिरवळकरांची मूळ कादंबरीही उत्कंठेवरच चालते. पण कुमारची पैशांची ओढाताण, त्याच्या बायकोचे घुसमटणे यांवर मालिका थांबत नाही. कथेला ढकलण्यापुरते ते वापरते आणि पुढे जाते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ थांबतो. व्हेनिसला २०२० मध्ये पटकथेचा पुरस्कार मिळवून तो पुढच्या वर्षी नेटफ्लिक्सवर आला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर शरद नेरुळकर मोटारसायकल चालवतो आहे, कानात माईंचे शब्द (आवाज सुमित्रा भावे यांचा), आणि बराच वेळ दुसरे काहीच घडत नाही. एवढा धीर कुठल्या जाहिरातदाराला असणार? इथला यजमान वर्गणीदार आहे आणि तो जगभर पसरलेला आहे. मराठी चित्रपट त्याच्या बळावर उभा राहतो. मोबाइलच्या रिचार्जवर आणखी वर्गणी न परवडणारा मराठी माणूस मात्र बाहेर राहतो.

गंमत अशी की चित्रपटाचा विषयही हाच आहे. माईंची ध्वनिमुद्रणे सर्वांसाठी नाहीत. दुर्मिळ गाणे मोजक्या संग्राहकांच्या कपाटात. दुसरीकडे टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, यूट्यूबवरचे बोचरे अभिप्राय आणि शेवटी लोकलमध्ये गाऊन पैसे मागणारा गायक. माझी तक्रार इथेच आहे. स्पर्धेत उतरलेली मुलगी कशी बदलत गेली, हे चित्रपट तुकड्यातुकड्यांत दाखवतो, पण ती का गेली हे तिला विचारत नाही. शुद्धतेच्या हट्टाला दोन तास आणि तिला काही मिनिटे! लोकलमधल्या गायकावर कॅमेरा ठरतो तेव्हा कुठे हा तोल थोडा सावरतो.

तिसरा यजमान सरकार, म्हणजे कर भरणारे आपण. डिसेंबर २००४ पासून दूरदर्शनची डीटीएच सेवा मासिक शुल्काशिवाय चालू आहे. आजची फ्री डिश तीच. तिथेही खासगी वाहिन्या जागा लिलावात घेतात, म्हणून जाहिरातदार मागच्या दाराने आत येतोच. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही स्वतःची ओटीटी सेवा सुरू केली. तिच्याकडून काय मागायचे, हे ठरवताना ऐंशीच्या दशकातली रविवारची दुपार आठवावी. तेव्हा दूरदर्शन बंगाली, मल्याळम, कन्नड चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवायचे. त्यांतले कितीतरी ‘डिसायपल’इतकेच संथ होते. उपशीर्षके सगळ्यांना वाचता येत नसत, तरी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीपर्यंत माणसे बसलेली असत, आणि चित्रपट लांबला म्हणून कुणी त्याला कात्री लावलेली नसे.