‘सुवर्णयुगा’चे स्मरणरंजन : पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रत्येक कलेच्या आणि प्रत्येक खेळाच्या रसिकवर्गात ‘आता पूर्वीसारखे राहिले नाही’ असे म्हणणारा एक गट असतोच. संगीत, रंगभूमी, क्रिकेट अशा सर्व क्षेत्रांत हे विधान ऐकू येते. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये मात्र त्याला जवळजवळ सिद्धान्ताचे रूप आले आहे. बियाँ बोर्ग, जिमी कॉनर्स आणि जॉन मॅकेन्रो यांचा काळ, म्हणजे साधारणपणे १९७४ ते १९८४ हे दशक, या खेळाचे सुवर्णयुग होते. लाकडी रॅकेटबरोबर नजाकत गेली आणि ताकदीबरोबर एकसुरीपणा आला, असा हा सिद्धान्त आहे. त्याच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले आणि जुन्या सामन्यांच्या चित्रफितींना नवा प्रेक्षक मिळाला. या स्मरणरंजनात सौंदर्यविषयक निर्णय किती, वस्तुस्थिती किती आणि सोयीस्कर विस्मरण किती, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेविषयी थोडेसे

इंग्रजीतील ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा मुळात वैद्यकशास्त्रातील आहे. योहानेस होफर या स्विस वैद्यकाने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या व्याधीसाठी ती घडविली. म्हणजे आरंभी हे दुःख स्थळाच्या वियोगाचे होते. काळाच्या वियोगाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. मराठीत तिच्यासाठी ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’ असे दोन शब्द रूढ झाले आहेत आणि त्या दोहोंतील भेद विचारात घेण्याजोगा आहे. पहिल्यात आठवणीचा आनंद आहे, दुसऱ्यात गेलेल्याचे शल्य आहे. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फ्युचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारी आणि हरवलेपणावर चिंतन करणारी, असे गतकातरतेचे दोन प्रकार मानले आहेत. टेनिसच्या चाहत्यांत हे दोन्ही प्रकार आढळतात. त्यांतील पहिला वाद घालतो, तर दुसरा पाहावयास शिकवितो.

दोन चित्रपट, दोन स्मृती

या दोन प्रवृत्तींचे दर्शन अलीकडच्या दोन चित्रपटांत घडते. यानुस मेट्झ दिग्दर्शित ‘बोर्ग मॅकेन्रो’ (२०१७) हा कथापट १९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्याभोवती रचलेला आहे. बोर्गने तो सामना १-६, ७-५, ६-३, ६-७, ८-६ असा जिंकला. चौथ्या सेटचा टायब्रेक मॅकेन्रोने १८-१६ असा घेतला आणि त्यात पाच वेळा पराभव परतवून लावला. चित्रपट या सामन्याला शिखर मानतो. शांत, थंड स्वीडिश आणि भडक, उद्धट अमेरिकन हे परस्परविरोधी स्वभाव प्रत्यक्षात एकाच आगीची दोन रूपे होती, असे त्याचे प्रतिपादन आहे. कथापट म्हणून ते परिणामकारक आहे. तथापि, कथा कोठे थांबवायची हा निर्णयही एक भाष्यच असतो. बोर्ग व मॅकेन्रो ग्रँड स्लॅमच्या चार अंतिम सामन्यांत समोरासमोर आले आणि त्यांतील हा एकच बोर्गने जिंकला. १९८१ च्या अमेरिकन स्पर्धेतील पराभवानंतर तो बक्षीस समारंभासाठीही न थांबता निघून गेला. जानेवारी १९८३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याची निवृत्ती जाहीर झाली. या उतरणीला मुख्य कथेत स्थान मिळाले असते तर तीच कथा शोकांतिका झाली असती. स्मरणरंजनाला शिखर हवे असते. उतार नको असतो.

जुलियाँ फरो यांचा ‘जॉन मॅकेन्रो : इन द रेल्म ऑफ परफेक्शन’ (२०१८) हा माहितीपट याच्या नेमका उलट जातो. जिल द केरमादेक यांनी रोलाँ गारोस येथे केलेल्या सोळा मिलिमीटर चित्रीकरणातून तो सिद्ध झाला आहे. त्याचा शेवट विजयात नाही. १९८४ च्या फ्रेंच अंतिम सामन्यात पहिले दोन सेट जिंकूनही मॅकेन्रो इव्हान लेंडलकडून हरला. त्या संपूर्ण वर्षात त्याने ८२ सामने जिंकले आणि अवघे तीन गमावले. त्या तिनांतील हा एक. फरो आपल्याला मॅकेन्रोची सर्व्हिस पुन्हा पुन्हा, संथ गतीने पाहावयास लावतात. गुणफलक दूर ठेवतात आणि शरीराच्या हालचालींकडे लक्ष वेधतात. त्या काळी खेळ ‘श्रेष्ठ’ होता असे हा माहितीपट कोठेही म्हणत नाही; एका माणसाची एक क्रिया कशी होती, एवढेच तो दाखवितो. समीक्षेच्या दृष्टीने हे अधिक मोलाचे आहे, कारण पाहणाऱ्याच्या हाती आठवणीऐवजी निरीक्षण येते.

सुवर्णयुगातील तक्रारी

ज्या काळाला आज सुवर्णयुग म्हटले जाते, त्या काळच्या रसिकांना तो सुवर्णयुग वाटत होता काय? पुरावा तसे सांगत नाही. १९८० च्या अंतिम सामन्यासाठी मॅकेन्रो मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. १९८१ मध्ये तो विजेता झाल्यावर विजेत्याला प्रथेनुसार मिळणारे ऑल इंग्लंड क्लबचे मानद सदस्यत्व त्याला त्या वर्षी देण्यात आले नाही. पंचांशी त्याने घातलेले वाद आज ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून आठवले जातात; तेव्हा ते सभ्यतेच्या ऱ्हासाचे लक्षण होते. आजचे खेळाडू यंत्रासारखे आहेत, अशी तक्रार करणाऱ्याने हे विसरू नये की बेसलाइनवरून अविचल राहून चेंडू परतविणाऱ्या बोर्गकडेही भावनाशून्य म्हणूनच पाहिले जात असे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा तंत्राचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक क्रमवारीतील पहिल्या दहांत एका हाताने बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नाही. १९७३ मध्ये संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले आणि चाहत्यांनी त्याचा शोक केला. हा शोक समजण्यासारखा आहे. परंतु दोन हातांच्या बॅकहँडला प्रतिष्ठा मिळवून देणारे दोन मोठे खेळाडू कोण? बोर्ग आणि कॉनर्स. चेंडूला प्रचंड टॉपस्पिन देऊन मागे राहून खेळण्याची आजची पद्धतही बोर्गच्याच खेळाचा विस्तार आहे. ज्या वृक्षाची सावली आठवून आपण हळहळतो, त्याच वृक्षाच्या बियांतून आजचे रान उगवले आहे.

ऱ्हासाच्या भाकितांचाही असाच अनुभव येतो. १९९४ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रसने गोरान इव्हानिसेविचला ७-६, ७-६, ६-० असे हरविले, तेव्हा सर्व्हिसच्या माऱ्यामुळे खेळ मेला, अशी टीका झाली. २००३ मध्ये मॅकेन्रो, मार्टिना नवरातिलोव्हा आदी माजी खेळाडूंनी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाला पत्र लिहून आधुनिक रॅकेटच्या आकारावर मर्यादा घालण्याची मागणी केली. त्याच उन्हाळ्यात रॉजर फेडररने पहिले विम्बल्डन जिंकले. तीन वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या क्रीडा नियतकालिकातील निबंधात या नव्या, ताकदीच्या टेनिसच्या आतच सौंदर्य पुन्हा जन्मास आल्याचे प्रतिपादन केले. फेडरर २०२२ मध्ये आणि राफेल नदाल २०२४ मध्ये निवृत्त झाल्यावर तोच ‘ऱ्हासाचा’ काळ सुवर्णयुग म्हणून आठवला जाऊ लागला. सुवर्णयुगाची सीमा अशी दर वीस-पंचवीस वर्षांनी पुढे सरकते. तिचा संबंध खेळाच्या इतिहासापेक्षा पाहणाऱ्याच्या तारुण्याशी अधिक असावा, असे म्हणण्यास आधार मिळतो.

जे आठवले जात नाही

स्मरणाची निवड जशी अर्थपूर्ण असते, तशी विस्मरणाचीही. ‘विल्सन जॅक क्रेमर’ ही लाकडी रॅकेट आज गतकाळाचे प्रतीक म्हणून जपली जाते. ज्याचे नाव तिच्यावर आहे तो क्रेमर १९४७ चा विम्बल्डन विजेता आणि पुढे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या पुरुष खेळाडूंच्या संघटनेचा पहिला कार्यकारी संचालक. १९७३ मध्ये निकी पिलिचवरील बंदीच्या निषेधार्थ ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार घातला, तो याच संघटनेच्या नेतृत्वाखाली. खेळाडूंच्या हक्कांच्या दृष्टीने ती मोठी घटना होय. परंतु याच क्रेमरच्या लॉस एंजेलिस येथील स्पर्धेत १९७० मध्ये पुरुष व स्त्रियांच्या बक्षिसांत इतकी तफावत होती की, बिली जीन किंगसह नऊ स्त्री-खेळाडूंनी बंड करून ह्यूस्टन येथे स्वतंत्र स्पर्धा खेळली. विम्बल्डनच्या पहिल्या खुल्या स्पर्धेत, १९६८ मध्ये, पुरुष विजेत्यास २,००० पौंड आणि स्त्री विजेतीस ७५० पौंड मिळाले. तेथे समान बक्षीस येण्यास २००७ साल उजाडावे लागले. त्या युगाचे सोने सर्वांच्या वाट्याला सारखे आले नव्हते.

भारतीय वाचकासाठी याहून जवळचे एक उदाहरण आहे. त्या काळी अमृतराज, बोर्ग व कॉनर्स यांना टेनिसची ‘एबीसी’ म्हटले जाई. १९७४ मध्ये विजय व आनंद अमृतराज यांच्या भारतीय संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका. वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ भारताने तो सामना खेळण्यास नकार दिला आणि चषक दक्षिण आफ्रिकेकडे गेला. भारत १९६६ व १९८७ मध्येही अंतिम फेरीत पोहोचला. पण चषक आजवर हाती आलेला नाही. सुवर्णयुगाच्या जागतिक चित्रफितीत या सामन्याला स्थान नाही, कारण जो सामना झालाच नाही त्याची चित्रफीत कोठून असणार? परंतु त्या दशकातील टेनिस ज्या जगात खेळले जात होते, ते जग या न झालेल्या सामन्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. आपल्याकडील चाहत्यांची १९८० ची आठवणही पुष्कळ अंशी उसनी आहे. दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रसारण व रंगीत चित्र आले १९८२ मध्ये. तो टायब्रेक घडत असताना पाहणारे आपल्यात फारच थोडे असतील. जे पाहिलेच नाही त्याविषयी आपण व्याकूळ होतो आणि जे आपले होते ते मात्र विसरतो, ही विसंगती नोंदविणे आवश्यक आहे.

जे खरोखर हरवले

मग ही गतकातरता केवळ भ्रम मानावी काय? तसे मानणे अन्यायाचे होईल. तिच्यात एक तथ्य आहे आणि ते तपासता येते. पूर्वी पृष्ठभागानुसार खेळ बदलत असे. ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील हिरवळ १९८७ नंतर गेली. विम्बल्डनने २००१ मध्ये संपूर्ण राय गवताचा अवलंब केला आणि तेथे चेंडूची उसळी अधिक उंच व भरवशाची झाली. २००९ पासून पुरुषांच्या प्रमुख स्पर्धांतून कार्पेटचे कोर्ट हद्दपार झाले. पॉलिएस्टरच्या तारांनी मागे राहून खेळणाऱ्याचे बळ वाढविले. परिणाम आकड्यांत दिसतो. फ्रेंच व विम्बल्डन या दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्याचा पराक्रम बोर्गने १९७८, १९७९ व १९८० असा सलग तीनदा केला. त्यानंतर २००८ पर्यंत तो एकाही पुरुषाला जमला नाही. पुढे मात्र नदाल (२००८, २०१०), फेडरर (२००९), नोव्हाक जोकोविच (२०२१) आणि कार्लोस अल्काराझ (२०२४) या सर्वांनी तो केला. हे खेळाडू थोर आहेत, यात शंका नाही. तथापि माती आणि हिरवळ यांतील अंतर कमी झाले, हेही त्यामागचे एक कारण मानावे लागते. दोन भिन्न शैलींचा संघर्ष, एक नेटकडे धावणारा व दुसरा त्याला भेदून चेंडू काढणारा, आज विरळा झाला आहे. चाहत्याचे दुःख येथे खरे आहे. फक्त त्याचे नाव चुकते. हरवले आहे ते वैविध्य. श्रेष्ठत्व हरवलेले नाही. ८ जून २०२५ रोजी अल्काराझने यानिक सिनरविरुद्धचा फ्रेंच अंतिम सामना तीन वेळा पराभवाच्या उंबरठ्यावरून परत येऊन पाच तास एकोणतीस मिनिटांत जिंकला. तो पाहिलेल्याला खेळ संपला असे म्हणता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, टेनिसच्या सुवर्णयुगाची कल्पना इतिहास म्हणून टिकत नाही, पण तक्रार म्हणून तिची दखल घ्यावी लागते. ‘तेव्हाचे खेळाडू मोठे होते’ या विधानाला उत्तर नाही, कारण ते सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. ‘तेव्हा खेळण्याच्या पद्धती अधिक होत्या’ हे विधान मात्र तपासता येते. त्यावर उपायही संभवतो, कारण गवत, चेंडू, तारा आणि रॅकेट यांविषयीचे निर्णय माणसेच घेतात. आपल्या गतकातरतेचे असे चिकित्सेत रूपांतर करणारा रसिक खेळाचे हित साधतो. तसे न करणारा आपल्या तारुण्याची कैफियत मांडतो आणि ती ऐकताना बिली जीन किंगचे बंड व १९७४ चा न झालेला सामना दोन्ही कानाआड होतात. स्मरण हे मूल्यमापनाचे साधन व्हावयाचे असेल, तर त्यात न आठवणाऱ्या गोष्टींचाही हिशेब धरावा लागतो.