एकान्ताचा ग्रंथ आणि समूहाचे मौन

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अज्ञात लेखकाने रचलेला ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ हा इंग्रजी ग्रंथ एकान्तवासाकडे वळलेल्या एका तरुण शिष्यास उद्देशून आहे. वाचाळांच्या आणि निंदकांच्या हाती तो पडू नये, अशी ताकीद प्रारंभीच आढळते. असे असता याच ग्रंथातून विसाव्या शतकात सामूहिक मौनप्रार्थनेची एक पद्धती निघाली. मॅसॅच्युसेट्समधील स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठात विल्यम मेनिंजर यांनी १९७४ मध्ये धर्मगुरूंना ती शिकविण्यास आरंभ केला. पुढे बेसिल पेनिंग्टन व तत्कालीन मठाधिपती टॉमस कीटिंग यांनी ‘सेंटरिंग प्रेअर’ या नावाने तिचा प्रसार केला. साधकाने दिवसातून दोनदा वीस मिनिटे बसावे, हा तिचा सामान्य नियम. शिवाय गटही एकत्र जमतात.

मूळ ग्रंथात प्रार्थनेचा एकावयवी शब्द हे शस्त्र आहे. त्याने मेघावर प्रहार करावयाचा आणि विचारांना विस्मृतीखाली दडपावयाचे. कीटिंग यांच्या मांडणीत तोच शब्द ईश्वराच्या सान्निध्याला दिलेल्या संमतीचे चिन्ह ठरतो. विचार आल्यास त्याच्याकडे अलगद परतावयाचे. येथे मराठी वाचकास नामस्मरण आठवेल, परंतु हे साम्य वरवरचे होय. नाम अखंड घ्यावयाचे असते. हा शब्द गळून पडला तर पडू द्यावयाचा असतो.

हा पालट म्हणजे मूळ ग्रंथाशी द्रोह, असे म्हणणे घाईचे ठरेल. बळजोरीने छाती ताणणाऱ्या नवशिक्यांना मूळ लेखकच आवरतो, आणि त्यांच्या विचित्र हावभावांची मनसोक्त थट्टाही करतो. समूहाचेही त्याला वावडे नाही. आग लागलेला मनुष्य एकच लहानसा शब्द ओरडतो आणि तो ऐकून त्याचा वैरीसुद्धा धावून येतो, हा त्याचा दृष्टान्त ग्रंथातील सर्वांत जिवंत भाग आहे. एकान्तातील या साधनेने सर्व मानवांना साह्य होते, असेही तो सांगतो.

तथापि एकत्र बसल्याने मौन सामायिक होतेच असे नाही. क्वेकर पंथीयांच्या सभेत अंतःप्रेरणा झालेली कोणीही व्यक्ती उठून बोलू शकते. तेथील मौन सर्वांचे असते, कारण ते मोडण्याचा अधिकारही सर्वांचा असतो. सेंटरिंग प्रेअरच्या गटात ते ठरलेल्या वेळी संपते. तोवर प्रत्येक जण आपापल्या शब्दापाशी असतो, आणि शेजाऱ्याची हाक शेजाऱ्यास ऐकू येत नाही.

खरी उणीव मार्गदर्शकाची आहे. मूळ ग्रंथ शिष्याची प्रकृती, त्याचा उतावळेपणा, त्याच्या संभाव्य भ्रान्ती ओळखून बोलतो. त्याची अर्धीअधिक प्रकरणे म्हणजे अशा ओळखीतून आलेली पथ्ये होत. गट नियमितपणा देऊ शकतो, धीरही देऊ शकतो. परंतु वीस मिनिटे स्वस्थ बसलेल्यांपैकी कोण प्रार्थनेत आहे आणि कोण केवळ सुखद गुंगीत, हे गटाला कळण्याची सोय या पद्धतीत फारशी नाही. मूळ लेखकाने मात्र नेमक्या याच प्रश्नावर आपली बरीच शाई खर्चिली होती.