वेतनावरची बांधिलकी

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने मला तीन महिन्यांसाठी 'निवासी लेखक' म्हणून बोलावले. राहायला खोली, दोन वेळचे जेवण, तीन हप्त्यांत मानधन आणि लिहायला निवांत वेळ. बदल्यात आठवड्यातून दोन दिवस एखाद्या वस्तीत जाऊन तिथल्या लोकांबरोबर काम करायचे. अर्जात एक रकाना होता : 'आपण ज्या समाजात काम करू इच्छिता, त्याच्याशी आपला परिचय कसा झाला?' मी माझ्या आजोळच्या वस्तीचे नाव दिले होते. रकान्यात लिहिले, 'जन्माने.' चार दिवसांनी कार्यालयातून फोन आला, 'सर, जरा सविस्तर लिहा ना.'

फोनवरच्या मुलीचा त्यात दोष नव्हता. दोष रकान्याचा होता. लेखक बाहेरून येतो, समाज तिथे आधीच बसलेला असतो, आणि पैशाने दोघांची गाठ घालून द्यायची असते, असे गृहीत धरूनच तो आखला होता. दलित लेखक या गृहीतात बसत नाही. त्याला वस्तीत जायचे नसते, तो वस्तीतूनच आलेला असतो. त्याला हवा असतो तो वेळ. बांधिलकीवर आपल्या नियतकालिकांनी पन्नास वर्षे चर्चा केली, परिसंवाद घेतले, एकमेकांची उणीदुणीही काढली. पण बांधिलकीला वेतन मिळू लागले म्हणजे तिचे काय होते, हे आपण फारसे विचारले नाही. कारण उघड आहे : वेतन मिळतच नव्हते. आता कुठे कुठे मिळू लागले आहे, आणि आपली तरुण मुले हे अर्ज भरू लागली आहेत.

हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांपुढे उभा राहिला. त्या साहित्याची ओळख आपल्याला म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी करून दिली. तेव्हा आपण 'निग्रो साहित्य' म्हणत होतो. ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव आले. रिचर्ड राइट आपल्याला जवळचा वाटला, कारण तो चिडलेला होता. झोरा नील हर्स्टन मात्र आपल्याकडे उशिरा आणि पुसटशी आली. तिची गाणी, तिचे विनोद, तिच्या बायकांची प्रेमे यांचे काय करायचे हे आपल्याला उमजेना. मलाही उमजले नव्हते. तो अर्ज भरल्यानंतर मी तिला पुन्हा वाचायला घेतले, आणि लक्षात आले की पैसे घेऊन आपल्याच माणसांत जाऊन लिहिणे म्हणजे काय, हे तिच्याइतके कोणी भोगलेले नाही.

हर्स्टन वाढली फ्लॉरिडातल्या ईटनव्हिल गावात. काळ्यांनी स्वतः वसवलेले आणि स्वतः चालवलेले हे गाव. पुढे ती न्यूयॉर्कला मानववंशशास्त्र शिकली. फ्रांझ बोआस तिचे गुरू. डिसेंबर १९२७ मध्ये शार्लट ऑसगुड मेसन या श्रीमंत गोऱ्या विधवेशी तिने करार केला. महिना २०० डॉलर, मोटार आणि चित्रीकरणाचा कॅमेरा. काम असे की दक्षिणेत आपल्या लोकांत हिंडायचे. कथा, गाणी, म्हणी, मंत्रतंत्र गोळा करायचे. अट अशी की गोळा झालेले सारे मेसनबाईंच्या मालकीचे. त्यांच्या परवानगीशिवाय एक ओळही छापायची नाही. म्हणजे ईटनव्हिलच्या दुकानाच्या ओट्यावर जी गोष्ट झोराने लहानपणी फुकट ऐकली, ती आता न्यूयॉर्कच्या एका बाईच्या तिजोरीत गेली. या बाईला आश्रित लेखकांकडून 'गॉडमदर' म्हणवून घ्यायला आवडे. लँग्स्टन ह्यूजही तिच्याच पैशावर होता. १९३० मध्ये त्याचे फाटले. झोरा टिकून राहिली. तिच्या मिंधेपणावर बोट ठेवणे सोपे आहे. पण महिन्याला २०० डॉलर देऊन काळ्या बाईला लिहायला मोकळे करणारे दुसरे कोण होते, याचे उत्तर द्यायची तयारी असेल त्यानेच ते ठेवावे.

त्या भटकंतीतून १९३५ मध्ये 'म्यूल्स अँड मेन' निघाले. स्टर्लिंग ब्राउन या काळ्या कवी-समीक्षकाने त्यावर आक्षेप घेतला की यात कडवटपणा पुरेसा नाही. तो अधिक असता तर पुस्तक पूर्ण सत्याच्या जवळ गेले असते. राइटने १९३७ मध्ये तिच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' या कादंबरीवर त्याहून कडक टीका केली : हिच्यात आशय नाही, गोऱ्यांना हसवणारे काळे सोंग तेवढे आहे. पहिला आक्षेप मला मान्य आहे, दुसरा नाही. पण ब्राउन यांनीही एक गोष्ट विचारली नाही : कडवटपणा कुणी काढून घेतला? मेसनबाईंना काळी माणसे निष्पाप, आदिम, गाणारी हवी होती. वेतन ज्या गोष्टीसाठी मिळते ती वहीत जास्त उतरते. ज्या गोष्टीसाठी मिळत नाही ती माणसाच्या पोटात राहते. उलट ती कादंबरी तिने १९३६ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर हैतीत असताना सात आठवड्यांत लिहिली. तिथे गोळा केलेल्यावर मालकी सांगायला कोणी गॉडमदर नव्हती.

आणि आता योगायोग पाहा. १९३५ मध्ये मंदीत बेकार झालेल्या लेखकांसाठी अमेरिकन सरकारने फेडरल रायटर्स प्रोजेक्ट काढला. लेखकांना पगार; काम म्हणजे प्रांताप्रांतांची मार्गदर्शक पुस्तके लिहिणे, लोकांत जाऊन लोकसाहित्य आणि आठवणी टिपणे. राइट तिथे होता, राल्फ एलिसन होता, मार्गारेट वॉकर होती. वॉशिंग्टनच्या कचेरीत काळ्यांविषयीच्या मजकुराचे संपादक होते हेच स्टर्लिंग ब्राउन. आणि १९३८ मध्ये फ्लॉरिडात रुजू झाली झोरा नील हर्स्टन. तीन पुस्तके नावावर असताना, कनिष्ठ पदावर. एकमेकांना 'तुझी बांधिलकी कच्ची' म्हणणारे सगळे एकाच सरकारी हजेरीपटावर आले!

या प्रकल्पाने मोठे काम केले, हे प्रथम सांगितले पाहिजे. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या, तेव्हा म्हाताऱ्या झालेल्या माणसांच्या २३०० हून अधिक आठवणी १९३६ ते १९३८ मध्ये नोंदल्या गेल्या. हे झाले नसते तर तो आवाज मातीत गेला असता. पण प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते, पुष्कळदा त्याच गावचे. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला सुसान हॅमलिन नावाच्या वृद्धेला १९३७ मध्ये एक गोरी बाई भेटली. सुसानला वाटले, ही मदत वाटणाऱ्या कचेरीतून आली आहे. तिने सांगितले, मालक चांगला होता. मग एक काळा माणूस गेला. त्याला तिने फटक्यांचे, विकल्या गेलेल्या लेकरांचे, त्यांच्या आयांच्या किंकाळ्यांचे सांगितले. म्हातारी तीच, गावही तेच. साहित्याच्या प्रामाणिकपणावर आपण एवढे लिहितो. अनुभव कुणाचा याबरोबरच तो कुणाला सांगितला आहे, हेही समीक्षेने विचारायला हवे, असे मला ही दोन टिपणे वाचून वाटू लागले.

भाषेचाही झगडा तिथे झाला. गोरे टिपणकार काळ्यांचे बोलणे वेडेवाकडे लिहून वाचकाला हसवत. ब्राउन यांनी सूचना काढली : उच्चार तंतोतंत पकडण्याचा सोस नको, बोलण्याची धाटणी आणि शब्दकळा खरी हवी. 'गोलपिठा' आले तेव्हा त्यातल्या शब्दांनी अडखळलेल्या आपल्या प्राध्यापकांना हे कुणी तरी वाचून दाखवायला हवे होते. हर्स्टनला याचा फटका उलट बाजूने बसला. आफ्रिकेतून १८६० मध्ये पकडून आणलेल्या कोसोला या वृद्धाची कहाणी तिने त्याच्या बोलीत लिहून १९३१ मध्ये तयार केली. प्रकाशकाला ती प्रमाण इंग्रजीत हवी होती. तिने बदलली नाही. 'बॅराकून' छापले गेले २०१८ साली.

सरकारी पगारावर असताना तिने ओकोईवरही लिहिले. फ्लॉरिडातले हे गाव. नोव्हेंबर १९२० मध्ये काळे लोक मतदानाला गेले म्हणून त्यांची घरे जाळली गेली, जुलाय पेरी या माणसाला मारून टांगले. ब्राउन यांना हवा असलेला कडवटपणा या पानांत होता. ती पाने तिच्या हयातीत छापली गेली नाहीत. प्रकल्पाच्या फ्लॉरिडा शाखेने काळ्यांविषयी तयार केलेला ग्रंथही बाजूला पडून राहिला आणि १९९३ मध्ये निघाला. ब्राउन यांनाही झळ लागली. जॉर्ज वॉशिंग्टनच्या सावत्र नातवाला एक काळी मुलगी होती आणि त्याने तिला जमीन दिली, एवढे त्यांनी राजधानीवरच्या पुस्तकात लिहिले, तर त्यावरून काँग्रेसमध्ये आरडाओरड झाली. १९३९ मध्ये केंद्राने प्रकल्पातून अंग काढून घेतले. तोवर लोकगीतांवर फारशी हरकत आली नव्हती; हरकत यायची ती जमीन, मत आणि वारसा यांवर.

हे मला वाचून कळले त्याहून जास्त वस्तीत कळले. माझी मावशी जात्यावरच्या ओव्या सांगते. बाबासाहेबांवरच्या तिच्या ओव्या ऐकत मी मोठा झालो. संस्थेने ध्वनिमुद्रण केले आणि छापील कागद पुढे केला : मुद्रित साहित्याचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील. मी तो वाचून दाखवला. मावशी म्हणाली, "आरं बाळा, पर ही ओवी माझ्या सासूची हाय. तिचा आंगठा कुठनं आनू?" बाजूचे लोक हसले. मीही हसलो, आणि शाईचे पॅड पुढे सरकवले. (हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या ओव्यांच्या संग्रहात ओवीबरोबर बाईचे आणि गावाचे नाव येते. म्हणजे हे करता येत नाही असे नाही.)

त्या तीन महिन्यांत मी दोन लेख लिहिले. एक ओव्यांवर, दुसरा गायरानावर. वस्तीतली अकरा घरे गायरान कसतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचा शासननिर्णय आहे, आणि त्यांची वहिवाट त्याआधीची आहे. तरी सातबाऱ्यावर नाव नाही, आणि उभ्या पिकात जनावरे सोडली जातात. ओव्यांचा लेख संस्थेच्या पुस्तिकेत गुळगुळीत कागदावर आला. गायरानाचा परत आला. 'योजनेच्या सर्जनशील चौकटीत बसत नाही,' असे नम्र पत्र सोबत होते. मी वाद घातला नाही. तिसरा हप्ता बाकी होता, तो मी घेतला. हर्स्टनच्या मिंधेपणाविषयी वर जे लिहिले, ते लिहिताना ही पावती माझ्या टेबलावर होती.

तेव्हा असल्या योजनांवर बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. राइटची, एलिसनची घडण थोडीफार त्या सरकारी पगारावर झाली. पोट भरलेले असताना विद्रोह पातळ होतो हे उपाशी न राहिलेल्यांनी पसरवलेले मत आहे. आपल्या मुलाला तीन महिने खोली आणि वेळ मिळत असेल तर तो त्याने घ्यावाच. भांडण मालकीच्या कलमाशी, आणि सासूचे नाव न विचारणाऱ्या कागदाशी आहे.

यंदा त्याच संस्थेचा अर्ज आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी घेऊन आला. आम्ही दोघांनी बसून तो भरला. परिचयाच्या रकान्यात त्याने 'जन्माने' असेच लिहिले. हक्कांचे कलम लाल शाईने खोडले आणि समासात लिहिले : 'हक्क सांगणारणीचे व तिच्या वारसांचे. प्रत्येक ओवीखाली नाव व गाव छापावे.' अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला आहे. पोच आली, उत्तर अजून आलेले नाही.