शब्द खोडणाऱ्यांचा ग्रंथ

अमेरिकेतील एका धोरणग्रंथाची समीक्षा आपल्या नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. हा ग्रंथ मी मुरबाडमध्ये बसून वाचला, आणि त्यातली अनेक पाने मला माझ्या वर्गातल्या मुलांविषयीची वाटली, म्हणून हा प्रपंच.

हेरिटेज फाउंडेशन ही उजव्या विचारांची संस्था १९७३ साली स्थापन झाली. १९८१ मध्ये रेगन अध्यक्ष झाले तेव्हा तिने 'मँडेट फॉर लीडरशिप' नावाचा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेवला. त्याच मालिकेतला, 'प्रोजेक्ट २०२५' म्हणून गाजलेला, नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ एप्रिल २०२३ मध्ये निघाला. निवडणुकीला दीड वर्ष असताना पुढच्या अध्यक्षाने कोणत्या खात्याचे काय करावे, हे तीस प्रकरणांत लिहून तयार होते. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांनी या प्रकल्पाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यातले एक प्रकरण लिहिणारे रसेल व्हॉट त्यांच्याच सरकारच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख झाले.

या ग्रंथाची मुख्य क्रिया 'खोडणे' ही आहे. प्रस्तावनेतच केविन रॉबर्ट्स सांगतात की विविधता, समता, समावेशकता, लिंगसमानता हे शब्द प्रत्येक सरकारी नियमातून काढून टाकावेत. पुढे कामगार खात्याच्या प्रकरणात, कोणत्या वंशाची किती माणसे कामावर आहेत ही मालकांकडून घेतली जाणारी आकडेवारीच बंद करावी, अशी सूचना आहे. शिक्षणाच्या प्रकरणात केंद्रीय शिक्षण खाते मोडावे आणि गरीब वस्त्यांतील शाळांचा केंद्रीय निधी दहा वर्षांत संपवावा असे म्हटले आहे. आधी शब्द जातो, मग गणती जाते, शेवटी पैसा जातो. हा क्रम आपल्याला नवा नाही. जातीचा उच्चार केला की जातीयवादी ठरवणारे सभ्य लोक आपणही पाहिले आहेत. १९३१ नंतर आपल्या जनगणनेतून सर्व जातींची गणती गेली. ती पुन्हा करण्याचा निर्णय व्हायला ३० एप्रिल २०२५ उजाडावा लागला. मोजलेच नाही, तर अन्याय दाखवायचा कशाच्या आधारे?

ग्रंथात खरे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. नोकरशाहीवरचा त्याचा राग आपल्यालाही परका नाही. जातीच्या दाखल्यासाठी शहापूरच्या पाड्यावरून एसटीने खेपा घालणारा बाप तो राग जाणतो. परंतु त्या बापाला खिडकीपलीकडचा माणूस नीट वागायला हवा आहे. या ग्रंथाला कित्येक खिडक्या कायमच्या बंद करायच्या आहेत. शासन हटले की माणूस मुक्त होतो, असे तो गृहीत धरतो. बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिले, तेव्हा नेमका हाच प्रश्न विचारला होता: शासन हटल्यावर मुक्त कोण होतो? जमीनदार आणि मालक.

त्या निवेदनातला दुसरा मुद्दा मला आज अधिक महत्त्वाचा वाटतो. संरक्षणे आणि आर्थिक रचना घटनेतच लिहा, येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नका, असा बाबासाहेबांचा आग्रह होता. सरकारी कंत्राटदारांना वांशिक भेदभाव करण्यास मनाई करणारा अमेरिकेतला आदेश जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काढला होता. तो रद्द करावा असे या ग्रंथात लिहिले होते. २१ जानेवारी २०२५ रोजी एका सहीने तो रद्द झाला. साठ वर्षे टिकलेली गोष्ट एका दिवसात गेली, कारण ती आदेशावर उभी होती. शिक्षण खाते कायद्याने निर्माण झालेले असल्यामुळे मार्च २०२५ मध्ये आदेश काढूनही ते संपूर्ण रद्द करायला तिथल्या संसदेची मंजुरी लागते.

आता आपल्याकडे पाहू. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, तो या 'जीओआय'वरच. माझ्या वर्गातल्या ठाकूर, कातकरी, बौद्ध मुलांचे वसतिगृह, फी-माफी, निर्वाहभत्ता यांतले बरेचसे योजना आणि जी.आर. यांवर चालते. जी.आर.ला दुसरा जी.आर. पुसतो. अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये कायद्याचा आधार दिला. महाराष्ट्रातही चळवळ ही मागणी करीत आली आहे. पण आमच्या तालुक्यांतल्या सभांत मी ती क्वचितच ऐकतो. आम्ही पुतळे आणि जयंत्या यांवर बोलतो.

या ग्रंथाबरोबर त्या मंडळींनी सरकारात नेमायच्या माणसांची यादी आणि त्यांच्यासाठी प्रशिक्षणही तयार केले होते. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, उत्तनला, १९८२ साली स्थापन झालेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना शिकवते. त्यांचा विचार आपला नाही. त्यांची चिकाटी मात्र आपल्यात हवी. सत्ता येण्याआधी कागद तयार ठेवणे ही काही उजव्यांची मिरासदारी नव्हे. घटना समितीपुढे निवेदन घेऊन उभा राहिलेला माणूस आपला होता.

म्हणून माझी विनंती आहे: आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक मुलाचा हक्क कशावर उभा आहे, कायद्यावर की जी.आर.वर, याची यादी आधी आपणच करू या. शब्द खोडणारे वाचून तयारीने येतात. आपणही वाचून बसलेले असलो पाहिजे.