‘मनाचे श्लोक’ आणि भयगंड

बेळगाव-निपाणीकडील आपल्या घरांतून अंधाराला भिणाऱ्या मुलास समर्थांचे ‘भीमरूपी’ म्हणावयास सांगतात. परंतु भयाचा खरा विचार आम्हांस समर्थांच्याच ‘मनाच्या श्लोकां’त आढळतो. दिवा आणताच दोरीवर भासणारा साप नाहीसा होतो, असा वेदान्ताचा दृष्टान्त आहे. भयगंडाने ग्रासलेल्या माणसाचे दुःख निराळे. ती दोरी आहे हे त्यास ठाऊक असते, तरीही त्याचे हातपाय कापतात. अशा ठिकाणी ज्ञान अपुरे पडते, अभ्यास लागतो. समर्थ मनाला एकदाच बजावून थांबत नाहीत. 205 श्लोकांतून पुनःपुन्हा समजावितात. हेच या रचनेचे सामर्थ्य होय.

उणीव एवढीच, की भयाच्या वस्तूजवळ पायरीपायरीने कसे जावे, हे त्यांत नाही. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषींनी 1924 साली ती रीत दाखविली. सशाला भिणाऱ्या मुलास आवडता खाऊ देत त्यांनी ससा रोज थोडाथोडा जवळ आणला. अखेर मुलाने त्यास कुरवाळले.

तेव्हा ‘भीमरूपी’ अवश्य म्हणवावे. मात्र धीट व्हावे म्हणून मुलास अंधारात कोंडू नये. त्याचा हात धरून आज उंबऱ्यापर्यंत, उद्या अंगणापर्यंत आपणही चालावे.