शीर्षक आणि शब्दहीन संहिता : ‘हॅपी द मॅन’

उपेक्षित कलाकृतीविषयी लिहिताना समीक्षा पुष्कळदा उपेक्षेलाच श्रेष्ठत्वाचा पुरावा मानते. वास्तविक उपेक्षा ही ग्रहणाच्या इतिहासातील एक घटना आहे. ते कलामूल्य नव्हे. हा भेद सुटला, की आस्वादाची जागा सहानुभूती घेते. ‘हॅपी द मॅन’ या अमेरिकन गटाच्या १९७७ मधील त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेविषयी म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते : तिच्याकडे दुर्लक्ष का झाले, आणि ती ऐकताना नेमके काय घडते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी संगीताबाहेरचे आहे. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’चे संकेत येस, जेनेसिस, किंग क्रिमसन या इंग्लिश गटांनी रूढ केले. परिणामी अमेरिकेत या प्रकारात जे घडले ते अनुकरणच असणार, असे गृहीत धरले गेले. या गटाच्या नावानेही त्या संशयाला खतपाणीच घातले. जेनेसिसचे याच नावाचे गीत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९७३ मध्ये व्हर्जिनियातील हॅरिसनबर्ग येथे एकत्र आलेल्या या गटाला अरिस्टा कंपनीने संधी दिली, तेव्हा पंकच्या लाटेने अभिरुचीची दिशा बदलली होती. १९७८ मध्ये ‘क्राफ्टी हँड्स’ आली आणि १९७९ मध्ये गट विसर्जित झाला. जेनेसिस सोडलेल्या पीटर गेब्रिएलने या वादकांना साथीला घेण्याचा विचार केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. तरीही गटाचा उल्लेख अनेकदा त्याच संदर्भात होतो. परिघावरच्या कलावंताची ओळख केंद्राच्या तळटीपेत उरते, ती अशी.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. केन स्कॉट निर्मित या ध्वनिमुद्रिकेत नऊ रचना आहेत. शब्द केवळ दोहोंत आहेत. उरलेल्या सात शब्दहीन रचनांपैकी काहींची शीर्षके मात्र विलक्षण शब्दबंबाळ आहेत : ‘स्टम्पी मीट्स द फायरक्रॅकर इन स्टेन्सिल फॉरेस्ट’, ‘नी बिटन निम्फ्स इन लिम्बो’. शीर्षक सामान्यतः संहितेच्या वाचनाचे नियमन करते. येथे ते कथेचे आश्वासन देते आणि संगीत ते पाळत नाही. पात्रांचा शोध घेणाऱ्या श्रोत्याच्या हाती विषम मात्रांची आवर्तने, त्यांचे तुटणे आणि पुन्हा जुळणे एवढेच लागते. इंग्लिश गटांनी मिथके आणि भव्य कल्पना गीतांतून गंभीरपणे मांडल्या. या गटाने तो सारा भार शीर्षकात ठेवून त्याची थट्टा केली आणि गांभीर्य वादनासाठी राखले. अनुकरणाचा आरोप या ठिकाणी लटका पडतो. संकेतांची अशी उलटापालट करण्यासाठी त्यांच्याकडे दुरून पाहता यावे लागते.

मर्ढेकरांनी लयीच्या संदर्भात सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध या रचनांत स्पष्ट दिसतात. ‘स्टारबोर्न’च्या संथ विस्तारानंतर ‘स्टम्पी’ची चपळ गती येते, ती विरोधाने. किट वॉटकिन्स मिनीमूगवर स्वर सुटा ठेवत नाही. मींडेसारखे वळण देऊन तो पुढच्या स्वरात सोडतो. गायकाची अनुपस्थिती त्यामुळे उणीव वाटत नाही.

याच निकषावर ध्वनिमुद्रिकेची मर्यादाही दिसते. ‘अपॉन द रेनबो’ आणि ‘ऑन टाइम अ‍ॅज अ हेलिक्स ऑफ प्रेशस लाफ्स’ या दोन गीतांत शब्द येतात, तेव्हा उसना स्वप्नाळूपणाही येतो. वादनाने कमावलेले स्वातंत्र्य तेथे सैल पडते. ही मर्यादा लपवून ध्वनिमुद्रिकेला ‘अन्याय झालेली श्रेष्ठ कृती’ म्हणणे हा दुसरा अन्याय होईल. सात शब्दहीन रचनांचे मोल तिच्या दुर्दैवावर अवलंबून नाही. ती लोकप्रिय झाली असती, तरी ते एवढेच असते.