आकाशातला डोळा नि तळघरातला माणूस

ऐन सणात युद्धाची गोष्ट कशाला, असे वाचक म्हणतील. परंतु ही गोष्ट न सुटलेल्या क्षेपणास्त्रांची आहे, आणि म्हणूनच ती दिवाळीत सांगण्याजोगी आहे.

पीटर अँथनी या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘द मॅन हू सेव्हड द वर्ल्ड’ हा २०१४ सालचा चित्रपट अर्धा माहितीपट नि अर्धा नाट्यपट आहे. सोव्हिएत सैन्यातील लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांच्या आयुष्यातली एक रात्र हा त्याचा विषय.

ती रात्र २६ सप्टेंबर १९८३ची. त्याच महिन्याच्या १ तारखेला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते. त्यात २६९ माणसे गेली होती. दोन्ही महासत्तांची मने संशयाने भरलेली. अशात मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव्ह-१५ येथील तळघरात भोंगा वाजला. अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटले! मागोमाग आणखी चार! ही खबर ‘ओको’ उपग्रहांकडून आली होती. ओको म्हणजे डोळा. आपल्या संस्कृत ‘अक्षि’चे दूरचे भावंड. उडणाऱ्या क्षेपणास्त्रामागच्या जाळाची धग हेरणे हे या डोळ्याचे काम. त्या रात्री उंच ढगांवरून परतलेले ऊन त्याला दिसले, नि तोच जाळ ठरला.

पेत्रोव्ह यांनी मात्र ‘इशारा खोटा’ असे वर कळवले. त्यांचा हिशेब साधा होता. युद्धच आरंभायचे तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? यंत्रणा नवी, तिच्यावर कितीसा विसंबा ठेवावा? शिवाय जमिनीवरची रडारे गप्प होती.

चित्रपटाचे बळ या प्रसंगात आहे. निर्णय घेतल्यानंतर वाट पाहण्याची ती मिनिटे अंगावर काटा आणतात. म्हातारपणीचे पेत्रोव्ह यात स्वतःच वावरतात. त्यांची चिडचीड नि एकाकीपण कोणत्याही नटाला साधले नसते.

परंतु मग दिग्दर्शकाला मोह पडतो. आईशी तुटलेले नाते जुळवण्याचे उपकथानक येते, केव्हिन कॉस्टनरसारखे नट भेटतात, नि पाहता पाहता माणसाचा पुतळा होतो. मी कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हा मोह मला परका नाही. पण येथे तो मुख्य प्रश्नच झाकून टाकतो. क्षेपणास्त्रे सोडण्याची कळ पेत्रोव्ह यांच्या हाती नव्हती. त्यांनी फक्त खबर द्यायची होती. स्वतःला वीर म्हणवून घेणे त्यांनाही रुचत नसे. मग खरी भीती ही की, त्या खुर्चीवर छापील नियमाबाहेर पाऊल न टाकणारा कोणी बसला असता तर? चित्रपट या प्रश्नाजवळ पुरेसा थांबत नाही.

पुढे चौकशीत पेत्रोव्ह यांना ठपका मिळाला, तो नोंदवहीत त्या वेळच्या नोंदी केल्या नाहीत म्हणून! उत्तर बरोबर असूनही वही अपुरी म्हणून गुण कापणारे परीक्षक आम्हां मास्तरांच्या चांगले ओळखीचे आहेत. परंतु गणितात आलेले उत्तर संभवते की नाही, हे पडताळून पाहायचे असते, हेही आम्हीच वर्गात शिकवतो. पेत्रोव्ह यांनी त्या रात्री एवढेच केले.

ते २०१७ साली वारले. अमेरिका नि रशिया यांचे पहारेकरी उपग्रह आजही फिरत आहेत. डोळे वाढले; त्यांनी पाहिलेले पडताळणारा माणूस खाली हवाच. घरातल्या मोठ्या मुलांना घेऊन हा चित्रपट अवश्य पाहावा, नि तो संपल्यावर त्या रिकाम्या खुर्चीविषयी त्यांच्याशी बोलावे.